आईचा थायरॉइड, मावशीचं कोड, तुमचा संधिवात: मूळ एकच असेल तर औषध एक का नाही?

ताई, तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी लिहिते, म्हणजे माझी गाडी भलतीकडे जाणार नाही. तुमचं वय ३६. चार महिन्यांपूर्वी बोटांची पेरं सुजली, सकाळी तास-दीड तास मूठ वळत नव्हती, अँटी-सीसीपी चांगलाच वाढलेला निघाला आणि र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए, असं निदान झालं. आईला हाशिमोटोचा थायरॉइड, मावशीला कोड, मामेभावाला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह. डॉक्टर म्हणाले, हे सगळे ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे. तेव्हा तुम्ही विचारताय की मूळ एकच असेल तर त्या मुळावरच घाव का घालत नाहीत, प्रत्येकाला वेगळी गोळी का? प्रतिकारशक्तीसाठी चालू केलेला गुळवेलीचा काढा ठेवायचा का? आणि नऊ वर्षांच्या लेकीच्या तपासण्या आत्ताच करून घ्याव्यात का?

गेली बावीस वर्षं मी संधिवाताचीच ओपीडी चालवते. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो, पण इतका नीट क्वचितच. तुमचे रिपोर्ट आणि एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, म्हणून औषधाचा डोस इथून सांगणार नाही. बाकीचं सांगते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: हे आजार सुरू कशामुळे होतात, आणि सुरू झाल्यावर थांबत का नाहीत. आपण पहिल्याच्या मागे लागतो, पण आमची औषधं बहुतेक दुसऱ्यावर चालतात. घरातल्या आजारांचं साम्यही दुसऱ्या प्रश्नात जास्त आहे.

ओपीडीत वेळ कमी असतो, म्हणून आम्ही बरेच डॉक्टर एक म्हण पुढे करतो: कुंपणानंच शेत खाल्लं. ती चटकन पटते, पण तिच्यात एक खोट आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, कुंपण परवापर्यंत इमानी होतं आणि एके दिवशी फितूर झालं. मग तो दिवस शोधणं सुरू होतं. बाळंतपणात गार पाण्यात हात घातले, लस घेतली, सासूबाईंच्या आजारपणात जागरणं झाली. प्रत्यक्षात शेतावर तोंड टाकणाऱ्या पेशी तुमच्यात, माझ्यात, शेजारच्या धडधाकट माणसातही असतात.

पुढे कोणता जंतू भेटणार हे शरीराला आधी माहीत नसतं. त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीच्या हाती ओळखीचा वेगळाच साचा येतो. कोट्यवधी साचे असे आंधळेपणानं बनले की त्यांतले काही आपल्याच शरीराशी जुळणार, हे ओघानं आलंच. म्हणून टी पेशींची परीक्षा होते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे या कोवळ्या पेशींना शरीरातल्या निरनिराळ्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात, आणि जी पेशी त्यांवर जोरात तुटून पडते तिला तिथेच संपवतात. गंमत अशी की इन्सुलिन बनतं स्वादुपिंडात, पण त्याचा नमुना थायमसमध्येही ठेवलेला असतो. हे नमुने मांडण्याचं बरंचसं काम आयर नावाचं एक जनुक करतं. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर त्या मुलाला एकामागून एक ग्रंथींचे आजार जडतात. पॅराथायरॉइड, अ‍ॅड्रीनल, कधी मधुमेह, कधी कोड. तुम्ही म्हणता तसं 'मूळ एकच' असलेला खरा आजार हा. तो फार विरळ आहे, आणि तुमच्या घरात तो असण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण एकाच ठिकाणी गफलत झाली तरी वेगवेगळे अवयव कसे बळी पडतात, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

थायमसच्या परीक्षेतूनही काही चुकार पेशी निसटतात. ते सगळ्यांतच होतं. त्यांना आवरायला रक्तात दुसऱ्या पेशी फिरत असतात, रेग्युलेटरी टी पेशी. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. पुढे मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना त्याच गोष्टीचा दुसरा धागा फॉक्सपी३ या जनुकात सापडला. ते जनुक बिघडलेले तान्हे मुलगे जन्मानंतर थोड्याच काळात मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि अंगभर इसब घेऊन येतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा शरीर स्वतःवर का उलटतं, असं विचारण्यापेक्षा एरवी उलटत का नाही असं विचारलं तर जास्त हाती लागतं. उत्तर असं की अनेक ब्रेक सतत दाबलेले असतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. गेल्या काही वर्षांत कर्करोगतज्ज्ञांकडून माझ्याकडे एक नवीनच प्रकारचे रुग्ण येऊ लागलेत. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एका सत्तरीच्या आजोबांना इम्युनोथेरपीची सलाइन चालू होती. ही औषधं गाठीवर थेट हल्ला करत नाहीत. ती टी पेशींचा ब्रेक सोडतात, म्हणजे त्या पेशीच गाठीवर जातात. तिसऱ्या सलाइननंतर आजोबांचा टीएसएच चढला, म्हणजे थायरॉइड मंदावला. दोन महिन्यांनी दोन्ही गुडघे आणि मनगटं अशी सुजली की चहाचा कप धरवेना. या माणसाला साठ-सत्तर वर्षांत थायरॉइड नव्हता की संधिवात नव्हता, आणि घरातही कुणाला नव्हता. फक्त ब्रेक सोडला आणि आतल्या आत दबून बसलेलं बाहेर आलं. याच औषधांनी कुणाला आतड्याला सूज येते, तर मेलानोमा या रंगपेशींच्या कर्करोगासाठी ती घेणाऱ्या काहींच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग उमटतात. ते डाग उठले तर कर्करोगतज्ज्ञ मनातून खूशच होतात, कारण रंगपेशींवर तुटून पडलेल्या टी पेशी मेलानोमालाही सोडत नाहीत. तुमच्या मावशीचं कोड, आईचा थायरॉइड आणि तुमचे सांधे यांना जोडणारा धागा कुठे असेल तर तो इथे, या ब्रेकमध्ये.

मग ब्रेक ढिला झाल्यावर कुणाचा थायरॉइड जातो आणि कुणाचे सांधे, हे कोण ठरवतं? बऱ्याच अंशी एचएलए. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या एका वाटीत ठेवून टी पेशींपुढे धरते, असं समजा. त्या वाटीचा आकार माणसागणिक वेगळा असतो. कुठल्या वाटीत कोणता तुकडा घट्ट बसतो, त्यावर टी पेशीला काय दिसणार हे ठरतं. डीआर४ गटातल्या काही वाट्यांचा आरएशी संबंध आहे, डीक्यू२ आणि डीक्यू८ चा गव्हाच्या सिलिअ‍ॅक आजाराशी, बी२७ चा पाठीचा कणा आखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी. हा बी२७ चा संबंध १९७३ पासून माहीत आहे. या वाट्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून असतात आणि पुष्कळदा आख्खा गठ्ठाच पुढच्या पिढीत उतरतो. तुमच्या घरातले आजारी सगळे आईकडचे आहेत, म्हणजे आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी असा एखादा गठ्ठा आई, मावशी आणि मामा तिघांकडे आला असू शकेल. पण वडिलांचं घराणं निर्दोष असा निवाडा यावरून करू नका. अर्धा वाटा तिकडचाही आहे, फक्त तिकडून येणारा दिसत नाही इतकंच. (एका बाईंनी हा मुद्दा ऐकून माझ्यासमोरच नवऱ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं होतं, म्हणून आवर्जून लिहितेय.)

आणि जनुकांवर फार भार टाकू नका. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तंतोतंत एक असतात. त्यांतल्या एकाला आरए झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास आहे. उरलेले पंच्याऐंशी तीच पत्रिका घेऊन सुखानं जगतात. टाइप १ मधुमेहात हा आकडा बराच वर जातो, पण शंभर तिथेही होत नाही.

आता काडी कुणी लावली, त्याबद्दल. काही आजारांत ते अगदी नेमकं ठाऊक आहे. आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण र्‍हुमॅटिक ताप. शाळकरी मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकसनं धरतो आणि बरा होतो. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा, आणि त्यामागोमाग हृदयाची झडप. त्या जंतूच्या अंगावरचं एम प्रथिन हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी मिळतंजुळतं असतं, त्यामुळे जंतूसाठी बनवलेली हत्यारं हृदयावर चालतात. इथे कारण माहीत असल्याचा खरा उपयोग होतो. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं तर घसा पुन्हा धरत नाही आणि झडपेवर पुढचा घाव बसत नाही. मी शिकत असताना वॉर्डात अशा मुलांची रांग असायची. सुई दुखते म्हणून इंजेक्शन सोडलेली मुलं पुढे झडप बदलायला आलेलीही पाहिली आहेत.

सिलिअ‍ॅक आजारात काडी रोज ताटात असते. गहू बंद केला की आतड्याची सूज उतरते आणि अँटीबॉडीही कमी होत जातात. काही औषधांनी ल्युपससारखा (त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांवर उठणारा) आजार होतो. टीबीचं आयसोनियाझिड हे त्यातलं एक, आणि औषध थांबवल्यावर तो बहुधा निवळतो. या तिन्ही ठिकाणी तुमचं म्हणणं सोळा आणे खरं ठरतं: मूळ काढा, आजार जाईल, निदान पुढे तरी सरकणार नाही.

आरएत मात्र घोडं इथेच अडतं. काडी लागली त्याला बहुधा वर्षं लोटलेली असतात. धूम्रपानाचा पुरावा पक्का आहे. धुरानं फुप्फुसातल्या प्रथिनांमध्ये सिट्रुलिनेशन नावाचा रासायनिक बदल होतो, डीआर४ च्या वाटीत असे बदललेले तुकडे नेमके बसतात, आणि त्यांच्याविरुद्ध ज्या अँटीबॉडी बनतात त्याच तुमच्या रिपोर्टमधला अँटी-सीसीपी. म्हणजे भांडण फुप्फुसात सुरू झालं आणि मारामारी बोटांच्या सांध्यांत झाली, असं होऊ शकतं. हिरड्यांच्या जुनाट आजाराबद्दलही असाच दाट संशय आहे. माझ्या ओपीडीत मिसरी लावणाऱ्या बायका खूप येतात आणि त्या मिसरीवरच खापर फोडतात. पण धुराचा पुरावा आहे तसा बिनधुराच्या तंबाखूचा नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्यांत आरएचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरी मिसरी सोडाच. हिरड्या आणि तोंडाचा कर्करोग, दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

विषाणूंच्या बाबतीत २०२२ मध्ये एक मोठी गोष्ट कळली. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासल्यावर दिसलं की एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवर उठणाऱ्या एमएस या आजाराचा, धोका ३२ पट होतो. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात आयुष्यभर मुक्कामाला असतो, आणि एमएस होतो मोजक्यांना. म्हणजे तो विषाणू लागतो, पण एकटा पुरत नाही. या सगळ्या आजारांत हाच नमुना दिसतो. वाटी हवी, ब्रेक थोडा ढिला हवा, काडी हवी, आणि त्यात नशिबाचाही वाटा. बायकांना हे आजार जास्त का होतात, त्याचं थोडं उत्तरही यातच आहे. ल्युपसमध्ये नऊ बायकांमागे एक पुरुष असतो, आणि त्यामागे हार्मोन्सबरोबर दुसऱ्या एक्स गुणसूत्राचाही हात आहे.

ही काडी किती आधी पडते, याचाही माग लागला आहे. ल्युपस झालेल्या १३० अमेरिकी सैनिकांचं जुनं साठवलेलं रक्त काढून पाहिलं, तर ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाच्या आधीपासूनच अँटीबॉडी होत्या. काहींच्यात तर नऊ वर्षं आधी. आरएतही असंच असतं. तुमची बोटं चार महिन्यांपूर्वी सुजली, पण आतलं प्रकरण त्याच्या कितीतरी आधीचं आहे. तेव्हा गेल्या दिवाळीत काय खाल्लं आणि कुठलं टेन्शन घेतलं, हे आठवत बसू नका. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. शिवाय एकदा आग लागली की ती स्वतःच सरपण मिळवते. सांध्याचं नुकसान झालं की आतली नवीन प्रथिनं उघडी पडतात, त्यांच्याविरुद्ध नव्या पेशी तयार होतात, आणि सुरुवात ज्यानं झाली ते बाजूला राहून चक्र चालूच राहतं. म्हणून आम्ही काडी शोधण्याऐवजी हे चक्र तोडायच्या मागे असतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देता येईल. घरात चौघांना चार औषधं का?

आईच्या आजाराकडे बघा. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइड गाठींचं वर्णन छापलं. शरीर स्वतःविरुद्ध हत्यार उचलणारच नाही, असं तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षं डॉक्टर मानून चालले होते. १९५६ मध्ये लंडनच्या डोनियाक, कॅम्पबेल आणि रॉइट या तिघांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या आणि त्या समजुतीला तडा गेला. म्हणजे ऑटोइम्यून म्हणून सिद्ध झालेल्या पहिल्या आजारांपैकी हा एक. तरीही आज आपण त्या प्रतिकारशक्तीला हातसुद्धा लावत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी देतो, बस. कारण ग्रंथी जे बनवत होती ते स्वस्तात, जसंच्या तसं बाहेरून देता येतं. ग्रंथी वाचवण्यासाठी आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होईल. मामेभावालाही इन्सुलिन बाहेरून मिळतं, गोळीइतकं सोपं नसलं तरी. मावशीचे डाग जीवघेणे नाहीत, म्हणून तिथे मलम आणि प्रकाशोपचार, ते पण तिला हवे असतील तर.

सांध्याची कूर्चा मात्र कुठल्या बाटलीत मिळत नाही. एकदा झिजली की गेली, आणि आरएत पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच पुष्कळ नुकसान होतं. म्हणून तुमच्याच बाबतीत आम्ही थेट प्रतिकारशक्तीवर हात ठेवतो. औषध ठरवताना आजाराचं मूळ कुठलं यापेक्षा काय गमावतंय, ते भरून देता येतं का, आणि त्यासाठी किती किंमत मोजायची, हे आम्ही आधी पाहतो. हे मला स्वतःला नीट उमगायला बरीच वर्षं लागली. कॉलेजात हे सगळे आजार एकाच तक्त्यात पाठ केले होते.

शेवटच्या टप्प्यावर मात्र या आजारांत पुन्हा साम्य दिसतं, पण फसवं. टीएनएफ नावाचा दाहाचा निरोप्या अडवणारी इंजेक्शनं आरए, सोरायसिस, आतड्याचा क्रोन्स आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या चारही आजारांत चालतात. मग तीच एमएसमध्ये चालतील असं वाटलं होतं, तर तिथे आजार उलट बळावला. इंटरल्युकिन-१७ हा दाहाचा दुसरा निरोप्या अडवणारी औषधं सोरायसिसवर उत्तम, पण क्रोन्स त्यांनी बिघडतो. आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे टीएनएफ अडवला की शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी केल्याशिवाय मी पुढे जात नाही. तुम्हाला ती लागतील असं म्हणत नाही. बऱ्याच जणांचं साध्या गोळ्यांवर भागतं. एकच औषध सगळ्यांना का नाही, ते कळावं म्हणून सांगितलं.

आता काढ्याचं. बंद करा. इथे मी आढेवेढे घेणार नाही. तुमची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही, ती बेभान झाली आहे. तिला आणखी चेतवायचं नसतं. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद छापली. काढा घेतल्यावर त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि ती ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, की ती वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी असू शकेल. असेल. पण बाजारातून आणलेल्या देठाचं नेमकं कुळ तुम्हाला किंवा मला कुठे ठाऊक असतं? त्यात आरएसाठी तुम्ही घेताय ती मेथोट्रेक्सेटची गोळीसुद्धा यकृतावर ताण देणारी. उद्या यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी वाढला तर दोष कुणाचा, हे सांगता येणार नाही आणि हकनाक चांगलं औषध बंद करावं लागेल. पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या 'वाताच्या पावडरी'ही नकोत. ज्या पावडरीनं दोन दिवसांत जादूसारखा फरक पडतो, तिच्यात मला पहिला संशय स्टेरॉइडचा येतो.

पथ्याचं दोन ओळींत. लिंबू, दही, टोमॅटो, चिंच सोडून आरए कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. आमटीची चव गेलेली आणि हिमोग्लोबिन खाली आलेल्या बायका मात्र पुष्कळ पाहिल्यात. तुमच्या एखाद्या पदार्थानं दुखणं वाढतं असं तुम्हाला दोन-तीनदा जाणवलं असेल तर तेवढा टाळा. व्हिटॅमिन डीबद्दल एक चांगला मोठा अभ्यास आहे, पंचवीस हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांवरचा, २०२२ चा. त्यात रोज २००० युनिट घेणाऱ्यांत नवे ऑटोइम्यून आजार साधारण पाचव्या हिश्शानं कमी निघाले. पण ती मंडळी पन्नाशीच्या आसपासची आणि पुढची होती, आणि डोस रोजचा, छोटा होता. दर आठवड्याला सहा लाखांचं इंजेक्शन टोचून घेतलेली एक बाई माझ्याकडे उलट्या आणि वाढलेलं कॅल्शियम घेऊन आली होती. तसलं काही करू नका.

लेकीबद्दल. तपासण्या करू नका. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत आरएचं प्रमाण साधारण दोनशे माणसांत एक निघालं. आईला किंवा बहिणीला आरए असेल तर धोका ढोबळमानानं तिप्पट धरतात, म्हणजे ढोबळ हिशेबानं तिच्यासारख्या घरांतल्या दोनशे जणींत एका वेळी साधारण तिघींना आरए असेल, बाकीच्या १९७ जणींना नाही. उलट एएनएसारखी, म्हणजे स्वतःविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी, तपासणी केली तर काय होतं ते ऐका. निरोगी माणसांतही १:४० या पातळीला, म्हणजे रक्त चाळीस पट पातळ करून पाहिलं तर, जवळपास तिघांत एकाची एएनए पॉझिटिव्ह येते, १:१६० ला वीसात एकाची. असा कागद घेऊन दहा वर्षांच्या पोरीला पाच डॉक्टरांकडे फिरवणारे आईबाप मला दर महिन्याला भेटतात. मुलीला काही होत नसतं, पण तिचं पळणं-खेळणं बंद झालेलं असतं. तिचा सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला राहिला, सकाळी ती लंगडत उठायला लागली, किंवा तहान, लघवी वाढून वजन उतरायला लागलं, तर मात्र थांबू नका. त्यातलं शेवटचं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा. मामेभावामुळे हे लक्षात राहायला तुम्हाला सोपं जाईल. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर, आणि दात दोन वेळा घासायला लावा. तिच्यासाठी सध्या एवढंच.

तुमच्या स्वतःच्या तपासण्यांत मात्र एक टीएसएच घाला, अजून झाला नसेल तर. आईचा इतिहास आहे, आणि थायरॉइडचा थकवा पुष्कळदा आरएच्या नावावर खपतो. आणखी मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भधारणा चालत नाही. ते थांबवून काही काळ जावा लागतो आणि तोवर दुसऱ्या औषधांची सोय करता येते.

आणि त्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीबद्दल शेवटचं, कारण 'ती कॅन्सरची गोळी आहे ना' असंही तुम्ही विचारलंय. आहे, पण कर्करोगात तिचा डोस वेगळाच असतो, कितीतरी पट मोठा. आरएत ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी चिठ्ठीवर नुसतं 'आठवड्यातून एकदा' लिहायचे. एका आजींना घरच्यांनी ती रोज दिली, नऊ दिवस. तोंडभर फोड, पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. आजी वाचल्या, पण ती चूक अर्धी माझीच होती. तेव्हापासून मी मराठीत वार लिहिते, 'फक्त रविवारी', आणि त्याखाली लाल रेघ मारते. फॉलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा लिहिते. तुमच्या चिठ्ठीवर वार नसेल तर आजच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या, आणि गोळ्यांचं पाकीट रोजच्या औषधांच्या डब्यात ठेवू नका.